सशिणीची नस आणि सुगंधाचे चार दिवस

गुणाजी परब गिरणीच्या साचेखात्यात मागावर होता तेव्हा तुटलेला धागा न बघता सांधायचा. संपात गिरणी गेली आणि तीच बोटं अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागली. मेलेल्या सशिणीच्या रक्तवाहिनीची मण्याएवढी कडी दोऱ्याने बांधायची आणि कोमट खाऱ्या पाण्याच्या नळीत लटकवायची, एवढंच त्याचं काम. दोऱ्याचं दुसरं टोक काट्याला. कडी आवळली की काटा वर, सैलावली की खाली. तिथल्या संशोधक मृणालिनी मॅडम नळीत इस्ट्रोजेनचे थेंब टाकत, काटा हळूहळू उतरे आणि गुणाजीला उगाच आपलंच अंग मोकळं झाल्यासारखं वाटे.

"बाईच्या अंगात हे आपोआप बनतं," मॅडमनी एकदा सांगितलं. "नसेच्या भिंतीत त्याच्यासाठी रिसेप्टर असतात, खाचाच म्हणा. त्यांत ते बसलं की नस सैल राहते, असं आम्हाला दिसतंय. पाळी गेली की ते आटतं. खाचा रिकाम्या."

गुणाजीच्या हातातली गाठ सुटली. आयुष्यात पहिल्यांदाच. त्याच्या बायकोची, सुगंधाची पाळी जाऊन सात महिने झाले होते आणि तिची आई असंच सगळं थांबल्यावर तीन वर्षांत छातीत कळ येऊन गेली होती.

बोरीवलीला घरी पोचेपर्यंत त्याने उपाय शोधला. गिरणी बंद पडून पाच वर्षं झाली तरी त्याचे डोळे भोंग्याच्या वेळेला उघडत. अंगाला सवय पुरते, भोंगा लागत नाही. मग नसांनाही पुरेल.

"म्हयन्याचे चार दीस तू आदीसारख्याच बाजूक बसाचा," त्याने घरात फर्मान काढलं.

"अवो, माझी पाळी गेली ता तुमका ठावक आसा मा? पिसा लागला काय?"

"ता तुझ्या नसांका कित्याक सांगतंस?"

सुगंधा कोपऱ्यात चटईवर बसली. पूर्वी पाळीच्या चार दिवसांत असं बाजूला बसताना तिला शिवाशिवीचा राग यायचा; आता शेजारी रेडिओ होता आणि आयता चहा. गुणाजी स्वयंपाक करी, धुणी धुई, नळावरून हंडे आणी. बातमी चाळभर झाली. शेजारच्या नलिनीबाई बसल्या, मग वरच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजीही नातसुनेला कामाला लावून बसल्या. सकाळी नळावर नुसते पुरुष, पायजमे खोचून, गुणाजीला शिव्या घालत. कुणाची नस सैलावली देवाला ठाऊक, पण बायकांचे चेहरे मात्र सैलावले होते.

पाचव्या महिन्यात दोन हंडे घेऊन जिना चढताना गुणाजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात रक्तदाब निघाला एकशे नव्वद. सुगंधाचाही मोजला. एकशे वीस.

तो चिठ्ठी घेऊन मॅडमकडे गेला. "मॅडम, पुरुषांना खाचा नसतात?"

"असतात ना गुणाजी. पण त्या भरायला बाईइतकं तुमच्याकडे पहिल्यापासूनच नाही." मॅडमनी चिठ्ठी वाचून परत दिली. "गोळ्या चुकवू नका."

इतकी वर्षं बिनभरल्या खाचांनी आपण हिंडलो, या विचाराने तो घाबराघुबरा घरी आला. कोपऱ्यात चटई घातलेली होती. शेजारी गोळी, पाण्याचा तांब्या आणि रेडिओ.

"बसा. चार दीस उठाचा नाय," पदर खोचून सुगंधा म्हणाली.

"आणि तुझ्या नसा गो?"

तिने रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि दारातच थांबली.

"तुमी गेलात तर माका बाजूक कोण बसयतलो?"