मधले ठिपके

कुणाच्याही संगणकासमोर बसला की तो आधी माऊस टेबलावर गरागरा फिरवायचा आणि पडद्याकडे बघत म्हणायचा, "मागं पडतंय की."

दुसऱ्याच्या कामातली खोट बसल्याबसल्या हेरणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. हा कबनूरचा, यंत्रमागवाल्यांच्या घरातला, वयाने माझ्या निम्मा. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आम्ही हुपरीच्या चांदी-कारागिरांसाठी पैंजणांची नक्षी काढायचा प्रोग्रॅम लिहीत होतो. पडद्याचं काम माझं. माऊसने नक्षीतलं फूल ओढलं की हात थांबल्यावरही ते मागून रखडत यायचं. माऊस जरा हलला की मी सगळं चित्र नव्याने काढत होतो, आणि हालचालींची रांग तुंबत होती.

त्याने ते चहा यायच्या आत सोडवलं. "मधलं सोडायचं, शेवटचं धरायचं." रांगेतल्या जुन्या जागा टाकायच्या, हात आत्ता असेल तिथेच फूल काढायचं, तेवढाच तुकडा पुसून. फूल हाताला चिकटून पळू लागलं. आमच्या मालकांनी पडद्याचं काम त्याच्याकडे सोपवलं. मला म्हणाले, "बघा सर, शिका जरा."

त्यानंतर त्याचं हसणंही मला खुपायचं. येताना माझ्या टेबलावर भडंगाची पुडी ठेवायचा, तीसुद्धा.

हुपरीचे लोक यायच्या आदल्या दिवशी मी माऊसने कोयरी काढून पाहिली. वळण गोल येईना, कोपरे पडत होते. फूल ओढताना मधलं सोडलं तर चालतं. रेघ मात्र मधल्या ठिपक्यांचीच असते. आम्ही सगळे फुलं ओढण्यातच खूश होतो, हाताने रेघ कुणी काढलीच नव्हती. मी संगणक बंद केला आणि कुणाला काही न बोलता घरी गेलो.

हुपरीत कोयरी हात न उचलता काढतात. आलेल्या वृद्ध कारागिराने माऊस धरला आणि एका दमात वळण घेतलं.

"पावणं, ही कोयरी हाय का करवत?"

सगळे हसले. मीही हसलो.

मालकांनी काम त्या पोराकडून काढून पुन्हा मला दिलं. मी रेघेसाठी सगळे ठिपके राखले, पडद्यावर मात्र ते एकदमच काढले. शाबासकी मला मिळाली. त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्याजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "सर, तुमालाबी आधी दिसलं न्हवतं व्हय?"

"नाही."

त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. "मग मला कुठलं दिसणार," म्हणाला आणि जिना उतरला.

मी टेबलाकडे वळलो. भडंगाची पुडी ठेवलेली होती.