लंबकाचे वीस झोके

फिजिक्सच्या जर्नलात माणूस नसते. दोरा बांधला जाते, गोळा सोडला जाते, वेळ नोंदवली जाते. कोण बांधते, कोण सोडते, पत्ता नाई. वाचणाऱ्याले वाटावं, भुतं येऊन प्रयोग करून गेली. अन् हे सारं इंग्रजीत.

मी चांद्याच्या कॉलेजात इंटर सायन्सले आलो तेव्हा माझं इंग्रजी कमी अन् नकला जास्त होत्या. बाप आलापल्लीच्या लाकूड डेपोत, शाळा लहान गावातली. हेडमास्तर, मोटारीचा कंडक्टर, नळावर भांडणाऱ्या दोन बाया, सारे माझ्या गळ्यात बिनभाड्यानं राहत.

पहिल्याच दिवशी फिजिक्सचे सर त्यांच्यात राहायले आले. सर पुण्याकडचे. प्रत्येक वाक्य झालं का खडू चिमटीत एकदा फिरवायचे.

"माझ्या अपेक्षा तीनच आहेत," सर म्हणाले. खडू फिरला. "जे पाहिलं तेच लिहा. शाईनं लिहा. आणि चुकलं तर खोडू नका, एक रेघ मारा. खालचं मला वाचता आलं पाहिजे."

आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत माझ्या चिमटीत खडू फिरून राह्यला होता, अन् पोट्टे पोट धरून हसून राह्यले होते.

माझा जोडीदार मात्र हसला नाई. तो सिंदेवाहीकडचा, तलावाकाठच्या गावचा. घरी मासोळ्या अन् धान. अंगानं आडवा, बोलणं सावकाश. मले म्हणे, "तू हास गा. मले तं बरोबरच वाटलं ते."

प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाले. आमचा पहिला लंबकाचा. मीटरभर दोरा, खाली पितळेचा गोळा. गोळा बाजूले ओढून सोडायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते पाहायचं अन् सूत्रात टाकायचं. पृथ्वी किती जोरानं ओढते तो आकडा निघते. पुस्तकात तो आहे नऊशे ऐंशी, तेव्हा सारं सेंटिमीटरात. जोडीदार मोठ्यानं झोके मोजायचा, मी स्टॉपवॉच धरायचो.

आता खरी गोष्ट सांगतो. हॉस्टेलात एक जुनं जर्नल होतं, पुठ्ठा निघालेलं. किती बॅचा त्याच्यावर पास झाल्या, कोणाले माहीत नाई. सारे पोट्टे त्याच्यातलेच आकडे उतरवत. सगळ्यांची पृथ्वी नऊशे ऐंशीनंच ओढायची, ना एक कमी, ना एक जास्त.

आम्ही अर्धेच चोर निघालो. जोडीदाराले मोजायची हौस, म्हणून झोके खरोखर मोजले, सेकंद शाईनं कच्च्या वहीत लिहिले. गणिताचा कंटाळा आला, तेव्हा जुन्या जर्नलातला नऊशे ऐंशी उचलून खाली बसवला. पूर्ण चोरी केली असती तं त्या दिवशी वाचलो असतो.

सरांनी आमची कच्ची वही उघडली. उभ्या उभ्या गणित केलं.

"तुमच्या सेकंदांवरून एक हजार सत्याऐंशी येतात. मग हे नऊशे ऐंशी कुठून आणलेत?"

मी म्हणालो, "सर, ते... पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्या दोऱ्यावर काय होतं?" खडू फिरला. "चूक नेमकी कुठे झाली ते शोधा आणि लिहा. शनिवारपर्यंत. तोवर या जर्नलवर सही नाही."

सही नाई म्हणजे प्रॅक्टिकलच्या परीक्षेले बसता येत नाई. बसता येत नाई म्हणजे वर्ष गेलं. माझ्या बापानं सांगून ठेवलं होतं, नापास झाला तं डेपोत ये, ओंडक्यावर हातोड्यानं शिक्के मार. जोडीदाराच्या घरी तं जाळं वाटच पाहून राह्यलं होतं. त्याच्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच.

आम्ही पुन्हा प्रयोग केला. हजार पंच्याऐंशी. दोरा आखूड केला. हजार अठ्ठ्याऐंशी. गोळा बदलला. पुन्हा तेच. चुकीलेही काही शिस्त असते, ते तेव्हा कळलं.

मले घड्याळाचा संशय आला. स्टॉपवॉच लॅब सांभाळणाऱ्या चाचांच्या कपाटात राहत, किल्ली त्यांच्या कमरेले. त्यांच्या घरी पिढीजात घड्याळदुरुस्ती. मी म्हणालो, "चाचा, हे घड्याळ मागं तं नाई पडत?"

चाचांनी चष्मा काढला. "मेरी घडी? बेटा, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी घड्या खोलून राह्यलो. घड्याळ झूट नाई बोलत, पोट्टे बोलतात." तरी त्यांनी खिशातलं आपलं घड्याळ काढून पाच मिनिटं दोन्ही शेजारी ठेवले. एक काटा इकडचा तिकडं नाई. "बोल आता!"

जोडीदारानं दोन दिवस विचार करून शोध लावला. "चांद्याच्या खाली कोयसा हाये ना? म्हनून जमीन जास्त ओढते."

मले हे इतकं आवडलं का मी तसंच लिहून सरांकडं धावलो. सरांनी वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"कल्पना छान आहे. पण कोळसा दगडापेक्षा हलका असतो. तुमचा आकडा कमी यायला हवा होता, वाढायला नको."

परत. शुक्रवार उजाडला. दुपारी मेसमध्ये वरण-भात झाल्यावर पोट्टे म्हणाले, "चल बे, काहीतरी करून दाखव." मन लागत नव्हतं, पण नकलेले नाई म्हणायची मले सवय नाई. सर झाले, चाचा झाले. मंग कोणीतरी म्हणालं, "जोडीदार कर तुझा."

जोडीदार समोरच बसला होता, भाताचा शेवटचा घास हातात. मी दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या गावी मळणीच्या दिवसात गेलो होतो, खळ्यावर त्याले धान मोजताना पाह्यलं होतं. तिकडून सुरू केलं. गुडघे वाकवले, पायली भरली, हातानं वरचे दाणे सपाट केले, पोत्यात ओतली अन् जड आवाजात म्हणालो, "लाभ." तिकडं पहिल्या मापाले एक म्हणत नाई, लाभ म्हणतात. मंग पुढं दोन, तीन, चार.

पोट्टे हसले. मी म्हणालो, "अन् आता हाच माणूस प्रयोगशाळेत!" चिमटीत गोळा धरला, बाजूले ओढला, सोडला अन् त्याच आवाजात म्हणालो, "ला..."

अन् माझा हात हवेतच राह्यला.

नक्कल करताना अंगाले कळते कुठी खोटं पडलं ते. खळ्यावर लाभ म्हणताना हात रिकामा असते. माप ओतून झालेलं असते. इथी तं गोळा हातातून सुटला नाई तोच लाभ!

"अबे," मी जोडीदाराले म्हणालो, "तू लाभ कधी म्हणते?"

तो उठून उभाच राह्यला. "माहं खयं, माही पायली. तुले काऊन हसू येते रे? चार लोकांत..."

"हसत नाई बे! सांग. गोळा सोडताना म्हणते ना?"

"हाव. पयलाच झोका ना तो?"

"पण तो झालाय कुठी? माप भरलं नाई अन् तू मोजलं. तुझे वीस म्हणजे खरे एकोणीस!"

तो बोटांवर काहीतरी मोजत राह्यला. बाकीचे पोट्टे पुढच्या नकलेसाठी ओरडून राह्यले होते. मंग त्यानं घास ताटात ठेवला. "बाबाले हे सांगितलं तं मारन मले. आमच्या घरी कोनी माप भरायच्या आंधी लाभ नाई म्हनत."

शनिवारी सकाळी चाचांनी दार उघडलं तेव्हा आम्ही पायरीवरच होतो. सोडताना शून्य म्हण, मी सुचवलं. जोडीदार तयार होईना. "मोजनीची सुरुवात शून्यानं? नाई गा." शेवटी ठरलं, सोडताना तोंड बंद. गोळा जाऊन परत आला का लाभ.

वीस झोक्यांना चाळीस सेकंद अन् वर थोडं. मी गणित केलं. नऊशे सत्याहत्तर.

"तीनच तं कमी हाये," जोडीदार हळूच म्हणाला. माझा टाक दौतीवर थांबला. सत्याहत्तरचं ऐंशी करायले किती वेळ लागते! पण आता तो तीननं कमी आकडा आमचा होता, दुसऱ्या कोणाचाच नाई. तसाच ठेवला.

जुन्या नऊशे ऐंशीवर एक रेघ मारली, खालचं दिसंल अशी. अन् अहवाल लिहायले बसलो. भुताची भाषा मले काही जमेना, तेव्हा सरळ लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: माझा मित्र मोजत होता. त्याच्या गावी पहिलं माप ओतल्यावर लाभ म्हणतात. त्यानं ते गोळा सोडताना म्हटलं. आम्ही एक झोका जास्त धरला. दोघांनाही चार दिवस कळलं नाई.

सरांनी ते दोनदा वाचलं. मंग जोडीदाराले म्हणाले, "धान कसं मोजतात? दाखवा बरं."

जोडीदार माझ्याकडं पाहून राह्यला. चाचांनी बीकर अन् रेतीचा डबा आणून टेबलावर ठेवला. त्यानं बीकर भरला, तळव्यानं सपाट केला, डब्यात ओतला. "लाभ," तो म्हणाला. मंग दोन, मंग तीन. सर हात मागं बांधून पाहत होते. खडू टेबलावर पडून होता.

"माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुलं एक झोका जास्त मोजतात," सर म्हणाले. "का, ते आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं."

त्यांनी पेन उघडलं. आधी त्याच्या जर्नलावर सही केली, मंग माझ्या. तारीख टाकली. माझ्या पानावर दोन स्पेलिंगंही दुरुस्त केली, लाल शाईनं.

"सोमवारी दुसरी बॅच लंबक करणार आहे," ते जोडीदाराले म्हणाले. "दहा वाजता या. त्यांना मोजायला शिकवा."

"मी?" जोडीदार म्हणाला.

"तुम्हीच."

बाहेर आलो तं तो जर्नल उघडंच धरून चालून राह्यला होता. सहीची शाई ओली होती. तो एकेक पाऊल टाकत तिच्यावर हळूहळू फुंकर मारत होता. मधेच थांबून मले म्हणे, "सोमवारी धोतर घालू का पायजमा?"