काजमावशीच्या अळ्या

आयुष्यभर शर्टांना काजं करणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? काजमावशी. नवरा शिंपी, म्हणजे मास्तर. कापायचं त्यांनी, मशीनवर शिवायचं त्यांनी, आणि उरलेलं सगळं हातकाम हिच्या गळ्यात: काजं, बटणं, हेम, कोटाच्या अस्तराचे आतले टाके. पुढे दुकान, दुकानामागे दोन खोल्या, खोल्यांमागे हातरुमालाएवढी बाग. पस्तीस वर्षं या तीन जागांत गेली. तिचं काज बघून कुणीही म्हणावं, मशीनचंच आहे. कुणीही म्हणजे मास्तर सोडून.

मास्तर प्रत्येक शर्ट उजेडाला धरायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "हे काज आहे की उंदराचं बीळ?" नाहीतर, "बटण शिवलंयस की थुंकीनं चिकटवलंयस?" पस्तीस वर्षांत 'छान' हा शब्द त्या तोंडातून एकदाही सांडला नाही. मावशी जळफळायची, दोन भांडी आपटायची, आणि उसवून पुन्हा करायची. नवराबायकोचं बोलणं म्हणाल तर एवढंच, पण ते दिवसभर चालायचं.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जरा कमी होईल, जाणार मात्र नाही. तरी ते रेटत राहिले. एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड बेतताना कात्री चार बोटं भलतीकडे गेली. गिऱ्हाईक भला माणूस, 'होतं असं' म्हणाला आणि निघून गेला. मास्तरांनी कात्री पुसून ठेवली, शटर ओढलं आणि मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून माणूस गप्प. रुसवा नाही, राग नाही, नुसता गप्प. पाणी, पंखा, दार लाव, एवढंच. मावशीनं सगळे उपाय करून पाहिले. एकदा तर मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. मास्तर निमूट जेवले आणि दोन तांबे पाणी प्यायले. ज्या किरकिरीला ती पस्तीस वर्षं वैतागली होती, तीच किरकीर परत यावी म्हणून ती आता आतल्या आत झुरू लागली. हे सांगणार कुणाला? बोलली असती तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

अळ्या आल्या त्या याच दिवसांत. बागेत पत्र्याच्या डब्यात एक लिंबाचं झाड होतं. त्याची कोवळी पानं कुणीतरी कुरतडू लागलं. शेजारीण म्हणाली, "औषध मारा, दोन दिवसांत साफ." मावशी औषध मारणारच होती, पण तिचं आपलं कुठलंही काम आधी हात फिरवून बघायचं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्याला जवळचं धूसर. हल्ली सुईत दोराही ती अंदाजानंच ओवायची. तर पानावर चिमणीची शीट पडली होती ती तिनं नखानं खरवडायला घेतली, आणि शीट चालायला लागली.

चालणारी शीट बघितल्यावर कुठल्या बाईला औषध मारवेल? मावशीनं फांदीच तोडली, काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला मलमलचा तुकडा बांधला आणि बरणी मास्तरांच्या खिडकीत नेऊन ठेवली. उजेड तिथेच चांगला यायचा, हे एक कारण. गप्प माणसाच्या डोळ्यांपुढे काहीतरी हलतं राहावं, हे दुसरं. दुसरं कारण तिनं स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नाही.

मग काय, बाईला नादच लागला. पानाच्या शेंड्यावरचं खसखशीएवढं पिवळं अंडं ती बोटाच्या पेरानं ओळखू लागली. काळीपांढरी शीट आठवडाभरात कात टाकून हिरवीगार कशी होते, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून कसला घाण वास सोडते, सगळं तिला पाठ झालं. रोज सकाळी ताजी पानं, रोज लेंड्या झाडून खाली नवा कागद. शेजारीण यायची, नाक मुरडायची. "सुरवंट पाळलेत म्हणे तुम्ही?" "सुरवंटाला केस असतात," मावशी म्हणायची, "या अळ्या आहेत. शिकून घ्या जरा." त्या हंगामात तिच्या बरणीतून अकरा फुलपाखरं उडाली, काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेली. चार कोषांतून गांधीलमाशीसारखे बारके किडे निघाले. त्या दिवशी ती जेवली नाही. मास्तर खुर्चीतून बघत असायचे, की नुसतेच त्या दिशेला डोळे करून बसलेले असायचे, ते काही कळायचं नाही.

पुढची अळी सगळ्यांत मोठी होती. खाणं थांबवून तिनं काडीवर जागा धरली, बुडाला रेशमाची गाठ मारली, पाठीवरून एक बारीक धागा घेऊन स्वतःला काडीला बांधून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा हिरवा कोष झाला. आणि तिसऱ्या दिवशी कागद बदलताना मावशीच्या हातून बरणी निसटली. फुटली नाही, पण काडी आपटली, बुडाची गाठ सुटली, धागा तुटला, आणि कोष फरशीवर पडला. मावशीनं तो तळहातावर घेतला. तो शेपटाकडून वळवळला, म्हणजे जिवंत होता. बाईचा जीव भांड्यात पडला.

पण आडवा ठेवून चालणार नव्हता. पडल्या पडल्या बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख नीट पसरत नाहीत, हे ती एकदा बघून बसली होती. मग तिनं तिच्या परीनं डोकं चालवलं. कॉलरमध्ये घालतात तो कडक कॅनव्हास काढला, त्यावर काजाच्या दोऱ्याचं एक कडं घातलं, हुक अडकवायला घालतात तसं, आणि कोष त्यात बसवला. आता कोषाची एक बाजू फुगीर, दुसरी जराशी खोलगट. पस्तीस वर्षं बटणं लावलेली बाई. बटणाची फुगीर बाजू वर आणि सपाट बाजू कापडाकडे, हे तिच्या हातांना विचारावंच लागत नव्हतं. कोषही तिनं तसाच लावला. वर टाका असा आवळला की धुतला तरी सुटू नये. कॅनव्हास खिडकीच्या चौकटीला टाचणीनं उभा टोचला आणि मनाशी म्हणाली, झालं काम.

आठ दिवस ती रोज सकाळी तिथे हात लावून जायची. नवव्या दिवशी दुपारी ती पुढ्यात पानं घेऊन बसली होती. खुर्चीतून आवाज आला.

"उलटं लावलंयस."

मावशीला आधी वाटलं, गल्लीतलं कुणी बोललं. मग तिनं वर बघितलं. मास्तर चष्मा कपाळावर ढकलून कॅनव्हासकडे बघत होते.

"काय म्हणालात?"

"उलट बाजू वर आलीय. फुगीर आहे ते पोट, ते काडीकडे असतं आणि पाठ बाहेर. तू पाठच कापडाला दाबून ठेवलीस. पाठीवरून फाटतं ते. आता फाटणार कुठून? आणि रंग बघ, काळा पडलाय. उद्या सकाळी निघणार."

दोन वर्षांत मिळून तो माणूस एवढं बोलला नव्हता. मावशी म्हणाली, "आणि हे तुम्हांला कधी दिसलं?"

"लावलंस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"पस्तीस वर्षं मी विचारत होते म्हणून बोलत होतात का?"

त्यावर मास्तरांनी मान पुन्हा खिडकीकडे वळवली. आता हा धागा तुटू द्यायचा नाही, एवढंच तिला कळलं. तिनं कॅनव्हास काढून टेबलावर ठेवला, छोटी कात्री आणली, सुईदोरा आणला आणि टेबल ओढत खुर्चीपाशी नेलं. "मला जवळचं दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही उसवा."

मास्तरांनी उजवा हात वर धरून दाखवला. तो थरथरत होता. "मी हात लावला तर मरेल ते."

"मग तुम्ही बघा आणि मी उसवते. पण बोलत राहा. गप्प बसलात तर माझी कात्री कुठे जाईल सांगता येत नाही."

मास्तरांनी दोन्ही तळवे कॅनव्हासच्या कडांवर दाबले. टेबलावर भार पडला तसा हात स्थिर राहिला. मावशीनं कात्री उघडली. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते त्या टेबलावर दोघांनाही ठाऊक झालं.

"खालून," मास्तर म्हणाले. "वर पंख आहेत. खालून घाल. अजून. थांब. आधी श्वास सोड, तुझा हात उडतोय. आता काप."

दोरा कट्कन तुटला. कोष मावशीच्या तळहातात आला, चांगला जड वाटला.

"आता पालथा कर. पोट खाली. डोकं वरच्या अंगाला. ते दोन टोकांचं आहे ते डोकं, कळलं? आता टाका घाल. अगं, कच्चा घाल. पक्का काय घालतेस, कोटाला बटण लावतेयस का?"

"सैल किती ठेवू? बोटभर?"

"बोटभर ठेवलास तर खाली पडेल ते. मुंगी जाईल एवढा. आणि सुई ही अशी धरतात? पस्तीस वर्षं काय शिकलीस माझ्याकडे?"

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मास्तर वैतागले. "रडतेस काय? आधीच तुला दिसत नाही."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि टाका पुरा केला. बुडाशी त्यांनी डिंकाचा एक थेंब लावायला सांगितला, तोही तिनं काडीनं लावला. मास्तरांनी कॅनव्हास उभा धरून उजेडाला नेला, सवयीनं. बघितलं, आणि पुन्हा चौकटीला टोचायला तिच्याकडे दिला. नावं ठेवली नाहीत. मावशीला भीती वाटली, की झालं, संपलं बोलणं.

सकाळी दोघंही उजाडल्याबरोबर खिडकीशी होती. कोषाची पाठ डोक्यामागून तडकली. ओलं, चुरगळलेलं काहीतरी पाय टेकत बाहेर आलं, कॅनव्हासला धरून वर चढलं आणि लोंबकळत राहिलं. मास्तर सांगत होते, मावशी ऐकत होती. डावा पंख उघडतोय. उजवा जरा मागे आहे. आता उघडला. ठिपके दिसायला लागले. खाली लालसर थेंब पडला, घाबरू नकोस, तो पडतोच. तासाभरानं फुलपाखरू दोनदा पंख मिटून उघडून खिडकीबाहेर गेलं. लिंबाच्या झाडावरून भिंतीवर, भिंतीपलीकडे. मास्तरांची मान त्याच्याबरोबर फिरली.

"एवढं सगळं बघत होतात," मावशी म्हणाली, "आणि दोन वर्षं मला एका शब्दाची चोरी?"

मास्तर मांडीवरच्या थरथरत्या हाताकडे बघत म्हणाले, "ज्याला स्वतःला एक रेघ सरळ कापता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या टाक्याला कुठल्या तोंडानं नावं ठेवायची? आणि नावं ठेवण्यापलीकडे मला तुझ्याशी दुसरं काही बोलता येतं का? कधी शिकलोच नाही मी."

मावशीला हसू आलं आणि फार वाईटही वाटलं. दोन वर्षं तिला वाटत होतं, माणूस आपल्याला कंटाळला. तिनं त्यांचा तो हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांत तो जरा कमी हलत होता.

"तुम्ही नावं ठेवली नाहीत," ती म्हणाली, "तर मी नीट कुणासाठी करायचं?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि मग हळूच, जरा भीतभीतच विचारलं, "सांगू?"

"सांगा."

"या पडद्याचा हेम डावीकडे उतरलाय. गेल्या वर्षी लावलास तेव्हापासून."

"बरं."

"माझ्या निळ्या शर्टाचं तिसरं बटण. चार भोकांचं आहे, तू दोनच शिवलीस. आणि उशीचे अभ्रे. दोन्हींचे टाके एक लहान एक मोठा, एक लहान एक मोठा. रोज रात्री डोकं ठेवताना मला दिसतं ते."

"बरं. आणि?"

"आहे बरंच," मास्तर म्हणाले. "दोन वर्षांचं साठलंय."

काजमावशी उठली. स्टुलावर चढून तिनं पडदा काढला, कपाटातून निळा शर्ट काढला, पलंगावरच्या दोन्ही उशांचे अभ्रे ओढून काढले, आणि सगळा ढीग त्यांच्या पायांशी आणून टाकला. मग छोटी कात्री घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "हं. पहिल्यापासून सांगा."