मामी कमी वीज खाते

आमच्या दुकानात किस्से बनवावे लागत नाहीत, ते आपोआप येऊन बसतात. एक सांगायला घेतला की दुसरा म्हणतो, मी काय घोडं मारलंय? बायको विचारते, "दुकान रिपेरिंगचं आहे का गप्पांचं?" तिला म्हटलं, गप्पांचंच. रिपेरिंग आपलं गिऱ्हाइकाने घाई केली तर.

दुकान अष्टमी गावात. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की लगेच. पुढे मोबाईल आणि कॉम्प्युटरची दुरुस्ती, मागे एक खोली. त्या खोलीत तौसिफचा संसार. तौसिफ म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त आणि संसार म्हणजे लाकडी चौकटीवर ओळीने बसवलेली ग्राफिक्स कार्डं. लोक ही कार्डं गेम खेळायला घेतात. आमची कार्डं दिवसभर गणितं सोडवतात आणि त्या बदल्यात क्रिप्टोचे कॉईन मिळवतात. मायनिंग म्हणतात त्याला. त्यातली मलई तर कधीच संपली. मुंबईवाल्यांनी कार्डं भंगारात काढली आणि ती ह्याने उचलली. का, तर म्हणे, "त्यांना कार्डं चालवता येत नव्हती रे. नुसती पळवत होते."

आता गंमत ऐका. कार्ड खोक्यातून निघतं तेव्हा बकासुरासारखी वीज खातं. तौसिफ बसतो आणि त्याचं व्होल्टेज चिमूटभर खाली आणतो. चाललं? अजून चिमूटभर. हँग झालं? एक पाऊल मागे. असं करत करत वीज निम्म्यावर येते आणि काम जवळजवळ तेवढंच होतं. हेच ट्यूनिंग. बरोबर जमलं की हा मागून असा ओरडतो की पुढे गिऱ्हाइकाच्या हातातला फोन पडतो. एका फोनची स्क्रीन तशीच फुटली, तीही आम्हीच बदलून दिली. पण खरं सांगू का, जाम मजा असते त्यात. मलाही ते वेड लागलंच.

फक्त डोक्यावर एक टांगती तलवार होती. त्याचे अब्बा. अब्बा कुवेतला एसीचे मेकॅनिक. आमच्या अष्टमीत कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी तिकडेच असतं. त्यांनी स्वतःच्या कंपनीत तौसिफसाठी व्हिसाचं जमवलं आणि फोनवर सांगून टाकलं, "पावसाळ्यात सुट्टीवर येतोय. जाताना तू माझ्यासंगती. तोवर काय खेळायचं ते खेळून घे."

तौसिफला जायचं नव्हतं. अब्बांना नाही म्हणायची हिंमतही नव्हती. जो काही पावसाळा हातात होता त्यातच काहीतरी करून दाखवायचं होतं.

० ० ०

एकाच मॉडेलची दोन कार्डं घ्या, स्वभाव निराळे. एक कमी विजेवर मुकाट राबतं, दुसरं जरा हात लावला की रुसतं. मग ओळखायची कशी? तौसिफने प्रत्येकावर चिकटपट्टी लावली आणि नातेवाइकांची नावं लिहिली. सगळ्यात जास्त वीज खाऊन वर बंद पडणारं कार्ड, ते मामू. सगळ्यात कमी विजेत सगळ्यात जास्त काम, ती मामी.

एक दिवस खरे मामू आले, मामीला घेऊन. मागच्या खोलीत चहा प्यायला बसले आणि चष्मा लावून पट्टी वाचली.

"हा मी?"

"जी, मामू."

"मी किती खातो?"

तौसिफने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आणि ही तुझी मामी?"

"तुमच्या निम्मं."

"आणि काम?"

तौसिफ जमिनीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता हे नातं तुटणार. तेवढ्यात दारातून मामी म्हणाली, "पट्टी बरोबर लावलीय त्यानं. घरी पण असंच हाय."

मामूंनी फक्त अजून एक कप चहा मागवला आणि बरोबर खारी.

० ० ०

सगळी कार्डं जुळली त्या महिन्यात विजेचं बिल धाडकन खाली आलं. आम्ही पेढे वाटले. पेढे संपायच्या आत वायरमन हजर, सोबत एक साहेब. मशीन तेवढ्याच, पंखे तेवढेच, मग वीज कमी कशी? मीटरमध्येच काहीतरी केलंय, असा त्यांचा पक्का संशय.

"चुंबक कुठं लावलाय?" साहेबांचा पहिला प्रश्न.

घ्या! इमानदारीने वीज वाचवली आणि चोर ठरलो. सील तपासलं, वायर शोधली, माळ्यावर टॉर्च मारून झाली. तौसिफ समजावायला गेला तर साहेब म्हणाले, "मला वीज शिकवू नको."

मग त्याने समजावायचं सोडलं. साहेबांना मीटरसमोर खुर्ची दिली आणि आत जाऊन सगळ्या कार्डांची सेटिंग काढून टाकली. पंखे घोंगावायला लागले, खोली तापली आणि मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला. सेटिंग परत लावली, दिवा सावकाश. काढली, भराभर. लावली, सावकाश.

साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "परत कर बघू."

बराच वेळ तोच खेळ. जाताना साहेबांनी हात मिळवला. वायरमन मात्र मागे रेंगाळला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सासऱ्यांच्या घरी पण करून द्याल काय? त्यांचं बिल मीच भरतो."

० ० ०

झालं, गावभर बोभाटा. तौसिफ म्हणे मशीनला कमी खायला शिकवतो!

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या झुबेदा खाला हातगाडीवर फ्रीज घालून दारात. "ह्याचं खाणं कमी कर."

"खाला, फ्रीजचं तसं होत नाय."

"मामीचं होतं, माझं होत नाय? मी सख्खी नाय म्हणून?"

आता काय बोलणार? तौसिफने फ्रीज उघडला. दाराचं रबर सैल झालेलं, आत बर्फाचा डोंगर. रबर बदललं, बर्फ काढला, फ्रीज शांत. खालांनी जे कौतुक केलं, जे कौतुक केलं! पुढच्या आठवड्यात दुकानासमोर रांग लागली. मिक्सर, इस्त्री, विहिरीची मोटार. एका गृहस्थांनी तर घरजावई आणून उभा केला. म्हणाले, "खातो भरपूर, काम शून्य. ह्याचं काय होतं का बघ."

जावईही हसत होता. त्याला आम्ही चहा पाजून पाठवला.

० ० ०

पण खरी धमाल पेणला झाली.

माझी ताई पेणला दिलेली. सासरचा गणपतीचा कारखाना, सगळ्या मूर्ती शाडूच्या. भावोजी रंगकाम बघतात, बाकी सगळा कारभार ताईचा. पावसाळ्यात तिचं एकच रडगाणं असतं, मूर्ती वाळत नाहीत. हवेतच पाणी, मातीतलं पाणी जाणार कुठे? ओल्या मूर्तीला रंग लागत नाही आणि गणपती काही तारीख पुढे ढकलत नाही.

तिचा फोन आला. "तुमच्या त्या तापणाऱ्या मशीन दिवसभर करतात काय रे?"

"गणितं सोडवतात."

"मग इथं येऊन सोडवा म्हणावं."

तौसिफने हे ऐकून टेबलावरून उडीच मारली. आयडियाच तशी होती! हीटर लावला तर नुसती ऊब, इथे ऊब पण आणि कॉईन पण. आम्ही कार्डं गोधड्यांत गुंडाळली, टेम्पोत घातली आणि नागोठण्याला नदीचं पाणी रस्त्यावर यायच्या आत पेण गाठलं. मातीची धूळ आत जाऊ नये म्हणून कार्डांभोवती ओल्या फडक्यांचा पडदा करायला गेलो, तर ताई म्हणाली, "ओलं फडकं? इथं? वेडे हायत काय?" मग कोरडं लावलं.

तौसिफ तिथेच राहिला. चार दिवसांत त्याचा मला व्हिडिओ कॉल. माणूस नाचत होता. कार्डं कधी नव्हे एवढ्या कमी विजेवर आणली होती. "बघ, मामी तर जवळजवळ उपाशी पोटी काम करतेय!" मागून ताई आली. तिने एका मूर्तीला हात लावला, दुसरीला लावला.

"गरमी कुठं गेली?"

"ताई, गरमी म्हणजे वाया गेलेली वीज. ती मी बंद केली."

"वाया? अरे, वाया तुझे ते कॉईन. मला माझी गरमी दे."

गडी हिरमुसला, पण ताईपुढे कोण बोलणार? सगळं फुल्ल सोडलं. दुपारी एका गणपतीच्या कानामागे बारीक रेघ दिसली. शाडू घाईने वाळली की तडकते. ताई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा भावोजीसुद्धा बाहेर जाऊन उभे राहतात.

तिथून पुढे जे ट्यूनिंग झालं ते कुठल्या मायनरने केलं नसेल. बाकीचे लोक कॉईन किती आणि वीज किती ते बघतात. आमचा तौसिफ गणपतीचे कान बघायचा. ताई हाताची पालथी बाजू मूर्तीला लावून सांगणार, "कानाला जास्त लागतंय, खाली घे. सोंडेला पोचत नाय, जरा वर." हा एकेक कार्ड तसं बसवणार. छोट्या मूर्तींपाशी मामी. मंडळाच्या मोठ्या गणपतीपाशी मामू, कारण एवढी ऊब दुसऱ्या कोणाला झेपत नव्हती. जमलं! एकही कान तडकला नाही. हमरापूर, जोह्याचे कारखानदार येऊन बघून गेले. "आमच्याकडं पण लावणार काय?" म्हणून विचारून गेले. तौसिफ हरखून गेला होता. मला फोनवर सारखं विचारायचा, "अब्बांना हे पटेल ना रे?"

मी हो म्हणायचो. मला स्वतःला काही खात्री नव्हती.

० ० ०

आणि अब्बा आले. आले ते व्हिसाच्या मेडिकलची तारीख घेऊनच. त्या तारखेला सकाळी रोह्याहून गाडी केली, मला बाजूला बसवलं, पेणहून तौसिफला उचलायचं आणि तसंच मुंबई. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. वाटेत सारखं घड्याळ बघत होते. 

पेणला पाऊस कोसळत होता आणि लाईटचा खेळ चालला होता. लाईट गेली की कार्डं बंद, आली की तौसिफने लावलेलं सगळं विसरून फुल्ल चालू. म्हणजे प्रत्येक वेळी सगळी कार्डं हाताने पुन्हा बसवायची, नाहीतर कान गेले. मंडळाची मूर्ती त्याच दिवशी वाळायला पाहिजे होती, रंगाची पाळी आलेली. तौसिफ घामाने निथळत होता आणि ताई मूर्तींच्या रांगेत फिरत ओरडत होती.

"चल," अब्बा दारातून म्हणाले.

"अब्बा, थोडा टाईम."

"गाडी उभी हाय."

ताईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, दारात उभं राहू नका, दमट वारा आत येतो. आत या, दार लावा. आणि त्या मोठ्या गणपतीच्या पाठीला हात लावून सांगा, गरम हाय का कोमट."

मी डोळे मिटून घेतले. अब्बांशी असं त्यांच्या घरातही कोणी बोलत नाही.

अब्बांनी चपला काढल्या. फाईल फळीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि हात पालथा करून गणपतीच्या पाठीला लावला. एसीची हवा बघताना लावतात, तसाच.

"कोमट."

"आणि कान?"

"कान गरम." मग जरा थांबून, "तौसिफ, डावीकडचं कार्ड खाली घे."

तौसिफने घेतलं. अब्बा पुढच्या मूर्तीकडे गेले. तिथून पुढच्या. लाईट गेली, आली, सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. अब्बांचा इस्त्रीचा शर्ट मातीने माखला, पण ते रांगेतून हलेनात. "वर घे. अजून. बस. ह्याच्या सोंडेला पोचत नाय बघ."

एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. हात मातीचे, म्हणून मीच काढला आणि स्पीकरवर धरला. व्हिसाचा एजंट होता, वैतागलेला. "चाचा, मेडिकलची वेळ निघून चाललीय. पोरगा कुठं हाय?"

तौसिफचा हात कीबोर्डवर तसाच थांबला. 

अब्बांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हात परत मूर्तीच्या पोटावर ठेवला.

"पोरगा येत नाय."

"येत नाय? का, काय झालं?"

"गणपती ओले हायत."