शेणाचं कडं

लखमाबाबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ओंजळीत ताजं शेण घेऊन माळावर काहीतरी शोधत होता. बेटेगावच्या पलीकडच्या वाडीवर मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. म्हटलं, म्हातारा खुळाच दिसतोय! त्याला हवी होती ती टिटवीची चार अंडी. ती सापडल्यावर त्यानं भोवती शेणाचं कडं घातलं.

"शेणाजवळचा चारा गाय खात नाय, बाय. तोंड फिरवते. आता हिकडं पाय पडायचा नाय."

वाडीची सगळी गुरं तो राखायचा. त्यातल्या सहा गायी त्याच्या स्वतःच्या. आज नाल्याकडचं गवत, उद्या टेकडीकडचं, एका जागी दोन दिवस नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायचा, "गवत वर गेलं की टिटवी बसत नाय. तिला लांबून कुत्रा दिसाया पायजे." मी नुसती हसायचे. गळ्यात दुर्बीण, कपाटात पक्ष्यांची पुस्तकं. मला हा काय शिकवणार!

एकदा चंडोलाचं घरटं तुडवलेलं सापडलं आणि माझं डोकंच फिरलं. माळ चराईला बंद करावा, असा अर्ज लिहून मी घरोघर फिरले. ग्रामसभेत सह्या झाल्या. लखमाबाबानंही अंगठा उठवला.

"बाबा, कशावर अंगठा दिलात, कळलं ना?"

"तुमी शिकलेल्या. पाखरांचं भलं व्हईल म्हणता, मंग मी आडवा कशाला येऊ?"

मला तेव्हा छान वाटलं होतं. चारा विकत आणून गुरं सांभाळणं वाडीत कोणालाच परवडेना. एकेक करत सगळ्यांच्या गायी विकल्या गेल्या, त्याच्या सहाही गेल्या. तो बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला.

तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. लावे आले, पण चंडोल गेले, गायबगळे गेले. टिटवी तर औषधालाही उरली नाही. महिनाभर पक्षीनोंदीच्या वहीत टिटवीपुढे शून्यच लिहिलं आणि मग त्याच्या गेटवर गेले.

"बाबा, टिटव्या गेल्या."

"म्हाईत हाय."

त्यानं मला कारखान्यामागे नेलं. ट्रक वळतात तिथल्या खडीवर टिटवीची अंडी होती आणि भोवती विटांचे तुकडे मांडलेले होते. "हितं शेण कुठलं आणू?" एवढंच म्हणाला. मला चहा पाजला आणि परत गेटवर जाऊन उभा राहिला. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. मयताला गेले, रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. शाळेत जाते, हजेरी घेते, कविता शिकवते. आतून सगळं बधिर झालंय.

मग मीच नवा अर्ज लिहिला: माळ चराईला खुला करावा. ग्रामसभेत मी तो वाचून दाखवला. विरोध कोणीच केला नाही. शेवटी मागे बसलेली लखमाबाबाची सून उठली.

"करा की खुला," ती म्हणाली. "पण सोडायची कोणाची गुरं, बाय?"