पंप दोनदा धुतला

"सर, तुमी लिहिल्यापरमाणं पंप दोनदा धुतला. मालक कापसाकडं गेलेत. सकाळीच फवारायचं का उनातबी चालतं, तेवढं गोष्टीत न्हाई."

फोनवर बोरीच्या कमलबाई होत्या, आमच्या शेती मासिकाच्या जुन्या वाचक. दर अंक त्या नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. त्या मासिकात मी शेतीचं विज्ञान गोष्टीतून सांगतो.

त्या महिन्याच्या गोष्टीतला शेतकरी तणनाशक मारलेला पंप पाण्यानं दोनदा धुतो आणि त्याच पंपानं कापसावर कीटकनाशक मारायला निघतो. तिथं मी 'क्रमशः' लिहून थांबलो होतो. त्याचा कापूस बिघडणार होता, पण पुढच्या अंकात. काही तणनाशकं टाकीला, नळीला चिकटून बसतात. नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. थोडा अंश उरला तरी कापसाची पानं आकसतात.

संपादकांनी छापण्याआधी विचारलं होतं, "खरं काय ते याच अंकात सांगून टाकायचं का?"

"मग पुढचा अंक कोण उघडेल?" मी म्हणालो. पोथी सांगणारे, वर्तमानपत्रांतले कथालेखक, सगळे नेमके अडचणीच्या जागी थांबत आले, असंही वर ऐकवलं. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

आता फोनवर मी ओरडलो, "बाई, त्यांना आत्ता थांबवा. त्या पंपानं कापूस जाईल."

"पर गोष्टीत तर..."

"गोष्ट अर्धी आहे. त्यांना फोन लावा."

"फोन घरीच ठिवून गेलेत. दोनच एकर हाय सर आमचं." पुढे नुसता चपलांचा आवाज आला.

संपादकांना सगळं सांगितलं. ते लगेच वाचकांच्या ग्रुपवर सूचना टाकायला बसले. मी मोटरसायकल काढली. वाटेत झरीला थांबून फोन लावला, कमलबाईंनी उचलला नाही. पुढचा सगळा रस्ता मी माझ्याच गोष्टीतलं शेवटचं वाक्य आठवत गेलो आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

बोरीला शेतावर पोचलो, तर कमलबाई बांधावर बसून पदरानं तोंड पुसत होत्या. नवरा, उत्तमराव, पंप उतरवून उभे होते.

"किती झालं?"

"चार ओळी. ही पळत आली म्हणून, न्हाई तर सगळंच उरकलं असतं."

दहा दिवसांनी परत गेलो. त्या चार ओळींची पानं मूठ आवळल्यासारखी झाली होती. बाकीचं शेत हिरवंगार होतं. फोटो छापू का, मी कमलबाईंना विचारलं.

"छापा की. पर सर, आमी ती गोष्ट म्हणून न्हाई वाचत. तुमी सांगितलंय म्हणून वाचतो."

मला लाज वाटली. अजून वाटते.

क्रमशः मी आजही लिहितो. भांडणं अर्धी सोडतो, ठरलेली लग्नं मोडायला आणतो. पंप कसा धुवायचा ते मात्र त्याच अंकात, गोष्टीच्या आधी, ठळक चौकटीत असतं. गोष्टीची मजा थोडी जाते. जाऊ दे.