विहीणबाईंचा नंबर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, देवापुढे हात जोडते तेव्हाही यातलं अर्धंच मनात येऊ देते. तुम्हाला सांगते आहे ते बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा — जाऊ द्या. कारण शोधत बसले तर आजही सांगायचं राहून जाईल.

पारनेरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. दुकानाला लागून मंगलची खानावळ. पुढे बाकडी टाकलेली आणि मागे तिचं घर. शाळेतले मास्तर, बँकेतली बाहेरगावची पोरं तिच्याकडून डबे नेतात. तिचा नवरा वारला तेव्हा सचिन आणि अर्चना दोघंही शाळेत होते. भाकऱ्या थापून तिने दोघांना मोठं केलं. माझ्या बाळंतपणात महिनाभर मला गरम जेवण तिनेच आणून दिलं, माझी सासू अंथरुणाला खिळली तेव्हा मी दुकानात आणि मंगल माझ्या सासूपाशी, असे दिवस गेलेत. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की आमच्यात काही जुनं असेल. भांडण, हेवा, काहीतरी. तसं काही नव्हतं.

अर्चनाला कोपरगावला दिली. घर बागायतदाराचं, मुलगा कारखान्यात नोकरीला. त्या लग्नाची सगळी फोनाफोनी माझ्या मोबाईलवरून झाली, कारण मंगलकडे बटणांचा साधा फोन. साड्यांचे फोटो विहीणबाईंना मी पाठवायचे, त्यांची पसंती मंगलला मी सांगायचे. असा विहीणबाईंचा नंबर माझ्याकडे आला आणि तसाच राहिला.

लग्नाला वर्ष होत आलं असेल, तेव्हा तो पहिला फोन आला, एका अनोळखी माणसाचा. मंगल तुमच्या शेजारी राहतात ना, त्यांनी कर्ज घेतलंय, हप्ते थकलेत, जामीनदार म्हणून तुमचं नाव आहे. मी म्हटलं, मी कुठेही सही केलेली नाही. तो म्हणाला, सही मोबाईलवरून झाली आहे, आमच्याकडे रेकॉर्ड आहे.

मी उठून शेजारी गेले. मंगल पीठ मळत होती. मी सांगितलं तशी हसली.

"मला बी आल्ता तसला फोन. म्हनलं, ये बाबा हितं, आधी चार घास खा, मग वसुली कर. ठिवून दिला. मी कशाला कर्ज काढू, शोभे? तू बी ठिवून देत जा."

तिला ठेवून देता येत होता. मला का येत नव्हता? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. फोन वेगवेगळ्या नंबरांवरून यायचे. दुकानात बायका माप द्यायला उभ्या असायच्या आणि माझ्या कानात तो माणूस असं बोलायचा की ते शब्द मी तोंडाने उच्चारू शकत नाही. तुझा फोटो गावभर फिरवू, दुकानापुढे माणसं बसवू, पोलीस आणू. आणि मी त्याला काय म्हणायचे, माहीत आहे? साहेब. असं नका करू साहेब. शिव्या देणाऱ्याला साहेब. समोरची बाई विचारायची, कोणाचा फोन, शोभाताई? मी म्हणायचे, कापडवाल्याचा.

एकदा घाबरून मीच बोलून गेले — माझ्या मुलाची पोलीस भरती चालू आहे हो, असं काही करू नका. तो म्हणाला, अस्सं. आता तर केसच करतो, बघू कशी भरती होते. त्याला काही माहीत नव्हतं. मीच त्याच्या हातात दिलं.

नवऱ्याला का नाही सांगितलं? तो म्हणाला असता, बचत गटाच्या नादात कुठेतरी अंगठा उठवून आली असशील. म्हणून नाही सांगितलं. पोलिसांत का नाही गेले? मुलगा भरतीत आणि आई ठाण्यात, म्हणून. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक "म्हणून" होतं.

आणि आणखी एक. तेही सांगायला हवं. मला मंगलचा संशय येऊ लागला होता. कोपरगावच्या लग्नात मांडव चांगला होता, जेवण चांगलं होतं. एकटी बाई, डबे करणारी, हिने हे कसं जमवलं? कर्ज काढलं असेलही, मला सांगितलं नसेल. जिच्या हातचं मी वर्षानुवर्षं खाल्लं तिच्यापेक्षा, ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्या माणसावर माझा विश्वास बसत चालला होता. की बसवून घेत होते? तिने खरंच कर्ज घेतलं असेल तर पुढे मी जे केलं ते थोडं कमी वाईट ठरणार होतं. हे मला तेव्हाही कळत असावं.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. फोन आला. त्या दिवशी तो गोड बोलत होता. मॅडम, तुमचं नाव आम्ही काढून टाकतो, तुमच्या मुलालाही काही होणार नाही, फक्त त्यांच्या एखाद्या जवळच्या नातेवाइकाचा नंबर द्या.

सचिनचा नंबर मला पाठ होता. सचिन जवान पोरगा, सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याने चार शिव्या घालून फोन आपटला असता आणि विषय तिथेच संपला असता. पण सचिनचा दिला असता तर संध्याकाळी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून विचारणार होता, काकू, माझा नंबर त्यांना कोणी दिला? म्हणून मी सचिनचा दिला नाही. मी लांबचा दिला. कोपरगावचा.

घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचलं. मी विहीणबाईंचा नंबर काढला आणि एकेक आकडा सावकाश सांगितला, त्याला नीट लिहून घेता यावा म्हणून. तो थँक्यू म्हणाला.

त्यानंतर मला फोन आला नाही. मला रात्री झोप लागू लागली, हेही खरं.

अर्चना बॅग घेऊन माहेरी आली तेव्हा मी दुकानातूनच पाहिलं. सोबत तिची सासू होती. चहाही न घेता परत गेली. कोपरगावला त्या माणसाने विहीणबाईंना, मग व्याह्यांना, मग त्यांच्या भावकीत फोन लावले होते. तुमच्या सुनेची आई बुडवी आहे, लग्नात तुमच्या घरी आलेलं सामानही जप्त होईल, आणि अर्चनाबद्दल नको नको ते. विहीणबाई दारातच म्हणाल्या म्हणे, प्रकरण मिटवा, मग बघू.

संध्याकाळी मंगल माझ्याकडे आली. मशीनजवळच्या स्टुलावर बसली. बोटांवर मोजत हिशेब करू लागली.

"इहिनीचा नंबर हाय कुनाकडं? माज्याकडं हाय. सचिनकडं हाय. पूजाकडं हाय. मग गेला कसा?"

तिने मला मोजलं नाही. माझ्याच मोबाईलवरून सगळं लग्न ठरलं होतं, आणि मी तिच्या मनातही आले नाही. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. तिने स्वतःशीच डोकं खाजवलं असतं, आणि कधी ना कधी विसरली असती. पण मला वाटलं, आत्ता हिला आठवेल. आत्ता ही मान वर करून माझ्याकडे बघेल.

मी म्हणाले, "पूजा सारखी मोबाईलवरच असते की गं."

एवढंच. पूजा म्हणजे सचिनची बायको, नवी सून. घरात येऊन सहा-सात महिने झाले होते. तिचं आणि अर्चनाचं दागिन्यावरून मध्ये थोडं वाजलं होतं, ते मला मंगलनेच सांगितलेलं. मी पूजावर आळ घेतला नाही, असं मी बरेच दिवस मनाला सांगत होते. मी फक्त एक वाक्य बोलले. पण ते कोणत्या जागी पडणार हे मला माहीत होतं.

मंगल उठून गेली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या लेकीचा संसार तुझ्या डोळ्यांत खुपला व्हय गं. पूजा रडत आपला मोबाईल दाखवत होती, बघा आई, मी कुणालाच फोन केलेला नाही. मंगलला त्यातलं काय कळणार? मी मशीन सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं, तरी चालवत राहिले.

पुढे अर्चनाच्या नवऱ्यानेच पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदाराने सांगितलं, कर्ज नाही, कंपनी नाही, सगळं बनावट आहे. असल्या टोळ्या कुठून तरी नावं-नंबर मिळवतात आणि घाबरेल त्याला धरतात. विहीणबाई स्वतः येऊन अर्चनाला घेऊन गेल्या. मंगलच्या हाताला धरून म्हणाल्या, आमचं चुकलं. त्या भामट्याने केलेलं नुकसान असं भरून आलं.

मी केलेलं राहिलं. पूजाने नंबर दिला हे मंगलच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कर्ज खोटं होतं, पण नंबर तर खराच कोणीतरी दिला होता ना? ताटाला ताट लागलं तरी त्यावरून बोलणं निघायचं. शेवटी सचिनने चाकणला नोकरी पाहिली.

निघायच्या आदल्या दिवशी पूजा माझ्याकडे आली. ब्लाउज घ्यायचा होता. पैसे दिले, पिशवी घेतली, आणि तिथेच उभी राहिली.

"काकू, मी नव्हता दिला नंबर."

मी म्हणाले, "अगं, माहीत आहे मला."

तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, निदान एका माणसाचा तरी आपल्यावर विश्वास आहे. म्हणाली, "आई फक्त तुमचं ऐकतात. एकदा बोलाल त्यांच्याशी? मला राहायचंय इथं."

मी म्हणाले, बोलते. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी बोलले नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरत होते तेव्हाही नाही. मंगल आतून बाहेर आली नाही. मी मात्र दारात उभी राहून त्यांना हात केला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा मुलगा भरतीत निवडला गेला नाही. उंची कमी पडली. त्या फोनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मंगल एकटीच खानावळ चालवते. सणाला सचिन पैसे पाठवतो, येत नाही. त्यांना मुलगी झाली, ते मंगलला अर्चनाकडून कळलं. आणि मंगल आल्यागेल्याला सांगते, पोटची पोरं लांब गेली, पन शोभी हाय म्हनून मी हाय. माझ्यासमोर सांगते.

मागच्या महिन्यात ती बाजारातून फ्रॉकचं कापड घेऊन आली. पिवळं, बारीक फुलांचं. नातीचा वाढदिवस होता. म्हणाली, "माप काय म्हाईत न्हाई. मी फोन केला तर पूजा उचलायची न्हाई. तू कर. तुज्याशी बोलल ती."

मी मोबाईल हातात घेतला. पूजाचा नंबर आहे माझ्याकडे. ती उचलेल आणि विचारेल, काकू, तुम्ही तेव्हा बोलला होता का आईंशी? मंगल समोर बसलेली. मी बटण दाबलंच नाही. कानाला लावून थोडी थांबले आणि म्हणाले, "लागत नाहीये गं."

"ऱ्हाऊ दे," मंगल म्हणाली. "अंदाजानं शिव."

मी अंदाजाने शिवला. थोडा मोठाच ठेवला. तिने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. तुजं लई देनं हाय माज्यावर, असं म्हणाली आणि फ्रॉकची घडी पदराखाली धरून कुरिअरवाल्याकडे गेली.